पुढचं चाक उड्या का मारतं?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आज विषय जरा लोखंडाचा आहे. 'हे पुरुषांचं काम' म्हणून रेडिओ बंद करू नका, कारण या लोखंडात आपण रोज बसतो आणि त्याचा हप्ताही कित्येक ठिकाणी आपला गटच भरतो.

आपल्या शहापूर-मुरबाडकडचं गणित सगळ्यांना माहीत आहे. शहापूरवाल्यांना रेल्वे धरायची तर आसनगाव, वासिंद, नाहीतर खर्डी-कसारा गाठायचं. मुरबाडला तर रेल्वेच नाही. डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई या बाजूच्या पाड्यांवर एसटी येऊन गेली की पुढचा सगळा भार जीप आणि पिकअपवर. भेंडी बाजारात न्यायची, दिवस भरलेल्या सुनेला दवाखान्यात न्यायची, म्हशाच्या जत्रेला जायचं, सगळं त्यावरच. २०१७ मध्ये केंद्र सरकारनं आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना सुरू केली. तिच्यात बचत गटाच्या सदस्याला गाडी घ्यायला साडेसहा लाखांपर्यंत बिनव्याजी कर्जाची सोय ठेवली होती. योजनेतून म्हणा, बँकेच्या कर्जातून म्हणा, गटाच्या बाईच्या घरी गाडी येणं आता नवलाचं राहिलेलं नाही.

ग्रामसंघाच्या बैठकांमध्ये आम्ही एक तक्रार फार ऐकतो. "ताई, गाडी पुढून नाचते." ड्रायव्हर म्हणतो रस्ता खराब. मिस्त्री म्हणतो शॉक बदला. शॉक बदलतात, गाडी नाचतच राहते. मग टायर बदलतात, तरी नाचते. गटाचे पैसे एकेका सुट्या भागापायी जातात आणि दुखणं तसंच राहतं. डॉक्टरकडे गेलं की तो आधी विचारतो, कधीपासून दुखतं, जेवल्यावर दुखतं की उपाशीपोटी? गाडीचंही तसंच विचारायला हवं. ते काय विचारायचं, आणि पैसे काढायच्या आधी काय तपासायचं, ते आज सांगतो.

दुखणं साधं नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. चाक उडी मारतं तेव्हा ते जमिनीवर नसतं. जमिनीवर नसलेलं चाक ब्रेक ऐकत नाही आणि स्टिअरिंगही ऐकत नाही. माळशेज किंवा कसारा घाटात, नाहीतर पावसात ओल्या वळणावर, एवढं एक कारण पुरतं.

आधी समजून घेऊ, हलतं काय

गाडी दोन तऱ्हांनी हलते. एक हेलकावा. खड्ड्यातून गेल्यावर अख्खी गाडी वरखाली होते, सेकंदाला एक-दीड वेळा, पाळण्यासारखी. तो पोटात जाणवतो. दुसरी उडी. ती गाडीच्या अंगाची नसते, खाली चाकं आणि आस मिळून नाचतात, सेकंदाला दहा ते पंधरा वेळा. ती पोटात कळत नाही, दातात आणि पायाच्या तळव्यात थरथर लागते. आज आपण बोलतो आहोत ते या दुसऱ्या दुखण्याबद्दल.

आस म्हणजे बैलगाडीला असतो तोच. जुन्या कमांडरसारख्या जीपला पुढे एकच सरसकट लोखंडी आस असतो, त्याच्या दोन टोकांना दोन चाकं आणि वर पाट्यांची कमान. काही पिकअपना अजूनही पुढे पाटेच येतात. या जीपची जात दुसऱ्या महायुद्धातली. अमेरिकी सैन्यासाठी १९४१ पासून ती बनली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्रा कंपनीनं तिची जोडणी सुरू केली. हा आस मजबूत, दुरुस्तीला सोपा, पण खांद्यावरच्या कावडीसारखा असतो. एक टोक उचललं की दुसरं हललंच. डावं चाक दगडावर चढलं की उजवंही तिरकं होतं.

त्यात आणखी एक गंमत आहे. सायकलचं सुटं चाक दोन्ही हातांनी मधल्या दांड्याला धरा, कुणाला तरी ते जोरात फिरवायला सांगा आणि मग तिरकं करून बघा. चाक हातातल्या हातात वळायला बघतं. जीपचंही तेच होतं. आस तिरका झाला की फिरतं चाक स्वतःहून डावी-उजवीकडे वळू पाहतं. म्हणून उडीपाठोपाठ स्टिअरिंगही थरथरायला लागतं. फार पूर्वी सगळ्या मोटारींना हा त्रास होता. तो कमी करायला १९३४ मध्ये अमेरिकेतल्या जनरल मोटर्सनं पुढची दोन्ही चाकं एकमेकांपासून सुटी केली, एक उचललं तरी दुसरं तिरकं होऊ नये म्हणून. आजच्या बहुतेक मोटारींना पुढे तशीच कॉइल स्प्रिंगची रचना असते. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी दगडधोंड्यांतून पळवायची बग्गी स्वतः बनवतात, तिची 'बाहा' नावाची स्पर्धा मध्य प्रदेशात पिथमपूरला २००७ पासून भरत आली आहे. त्या बग्गीलाही चाकं सुटीच ठेवतात आणि चाकाकडचं वजन होता होईल तेवढं हलकं ठेवतात. कारण साधं आहे. स्प्रिंगच्या खाली लोंबणारं वजन जितकं जड, तितकं ते उडाल्यावर आवरायला कठीण.

स्प्रिंगचं काम दणका झेलायचं. उडालेलं चाक आवरायचं काम शॉक अब्सॉर्बरचं, ज्याला गॅरेजात नुसतं 'शॉक' म्हणतात. त्यात तेल असतं आणि ते बारीक भोकांतून जाताना हालचाल थांबवतं. शॉक नसेल तर चाक चेंडूसारखं टप्पे घेत राहतं.

पन्हाळीचा रस्ता

मुरुमाच्या रस्त्यावर पत्र्याच्या पन्हाळीसारख्या आडव्या लाटा तुम्ही पाहिल्या असतील. त्या गाड्यांच्या चाकांच्या उड्यांनीच तयार होतात, आणि तयार झाल्या की पुढच्या गाडीला आणखी उडवतात. समजा दोन लाटांमध्ये पाऊण मीटरला थोडं कमी, म्हणजे ७० सेंटीमीटर अंतर आहे. ताशी ३० किलोमीटरनं गाडी गेली तर सेकंदाला साधारण १२ दणके बसतात. आता आठवा, आसाची स्वतःची उडी सेकंदाला दहा ते पंधरा. पाळण्याला त्याच्याच लयीत हात लावला की झोका वाढत जातो, तसं हे आहे. म्हणून अशा रस्त्यावर एका ठरावीक वेगाला गाडी सगळ्यात जास्त नाचते आणि वेग कमी केला की शांत होते. तेवढंच होत असेल तर दोष रस्त्याचा आहे, वेग कमी ठेवायचा आणि पुढे जायचं. पण शेजारची त्याच जातीची गाडी त्याच रस्त्यावर निवांत जाते आणि आपलीच नाचते, तर मात्र गाडी तपासायला हवी.

कधी उडते? पाच प्रश्न

ड्रायव्हरदादाला, किंवा आपली एखादी ताई गाडी चालवत असेल तर तिला, हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा.

पहिला: चांगल्या डांबरी रस्त्यावरही उडते का? नाशिक महामार्गावर किंवा कल्याण-मुरबाड रस्त्यावर ठरावीक वेगाला, म्हणजे साठ ते ऐंशीच्या घरात थरथर सुरू होते आणि वेग बदलला की जाते, तर संशय चाकावर घ्यायचा. चाकाचं वजन एका बाजूला जास्त झालेलं असतं, किंवा टायरला फुगा आलेला असतो.

दुसरा: खराब रस्त्यावर, वेग कुठलाही असला तरी उडते का? संशय शॉकवर आणि टायरच्या हवेवर.

तिसरा: एकच खड्डा लागला आणि मग स्टिअरिंग डावी-उजवीकडे झटके देत सुटलं, गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय राहिना, असं होतं का? हे सगळ्यात धोक्याचं. इथे कुठेतरी सांधा ढिला आहे किंवा चाकांचा कोन बिघडला आहे. अशी गाडी माणसं भरून रस्त्यावर आणायचीच नाही.

चौथा: ब्रेक मारल्यावरच उडते का? ब्रेकचा ड्रम गोल राहिलेला नसेल, किंवा आसाला पाट्याशी बांधणारे यू-बोल्ट ढिले असतील.

पाचवा: रिकामी असताना उडते, की भरल्यावर? रिकामी उडत असेल तर पाटे फार कडक किंवा हवा फार जास्त. भरल्यावर बिघडत असेल तर भार कुठे टाकला जातो ते बघा. त्याबद्दल पुढे बोलतो.

फुकटची तपासणी आधी

आता तपासणी. क्रम लक्षात ठेवा: आधी फुकटचं, मग थोड्या पैशांचं, शेवटी महागाचं.

एक, चिखल. आवणीच्या दिवसांत गाडी खाचरांच्या कडेनं जाते आणि चाकाच्या आतल्या बाजूला, रिममध्ये चिखल बसून सुकतो. बाहेरून दिसत नाही. रिममध्ये एका जागी पाव किलो चिखल चिकटला तर ताशी साठच्या वेगाला तो दर फेरीला अकरा-बारा किलोचा दणका देतो. वेग वाढला की दणका त्याहून झपाट्यानं वाढतो. तेव्हा पावसाळ्यात गाडी थरथरली की सगळ्यात आधी चाकं आतून धुवा. खर्च एक बादली पाण्याचा.

दोन, हवा. सकाळी, गाडी पळायच्या आधी, टायर थंड असताना मोजायची. किती हवी ते गाडीच्या पुस्तिकेत किंवा दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, आणि पुढची-मागची वेगळी असते. "माल जास्त आहे, ठासून भर" असं म्हणत चारही टायर दगडासारखे करू नका. ठासून भरलेला फुटबॉल जास्त उडतो, टायरचंही तसंच.

तीन, टायरवर हात फिरवा. गाडी बंद आणि टायर थंड असताना तळहात टायरच्या नक्षीवरून सावकाश फिरवा. भाकरीचं पीठ कुठे घट्ट, कुठे सैल, हे हाताला कळतं तसं इथेही कळतं. मधेच झिजलं असेल तर हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी. एकच कड झिजली असेल तर चाक आत किंवा बाहेर झुकलेलं. हात एका दिशेनं गुळगुळीत जातो आणि उलट फिरवला की करवतीसारखा अडतो, तर दोन चाकं एकमेकांना समांतर नाहीत. आणि टायरवर जागोजागी वाटीसारखे खोलगट खळगे लागत असतील, तर चाक बरेच दिवस उड्या मारतंय हे नक्की. शॉक, बॅलन्सिंग किंवा ढिला सांधा, यांपैकी काहीतरी आहे.

चार, शॉक. खाली वाकून बघा, नळकांड्यावर तेल पाझरून धूळ चिकटली आहे का? दोन्ही टोकांचे रबरी बुश शाबूत आहेत का? आणखी एक युक्ती. खराब रस्त्यावरून पाच-सात किलोमीटर गाडी चालवून आणा, थांबवा आणि दोन्ही पुढच्या शॉकना जपून बोट लावा. काम करणारा शॉक गरम होतो. एक गरम आणि एक थंड लागला तर थंड असलेला नुसता लोंबकळतो आहे.

पाच, पाटे. एखादा पाटा तुटला आहे का, पाटे एकमेकांवरून सरकले आहेत का, यू-बोल्टच्या नटाभोवती ताजी चकाकणारी घासण दिसते का, ते बघा. घासण म्हणजे तिथे हालचाल आहे, आणि तिथे हालचाल असायलाच नको. पाट्यांचं काम केल्यावर काही दिवस गाडी चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे असतात. हे बरेचदा राहून जातं.

जॅकवरची तपासणी

यापुढची तपासणी मिस्त्रीकडून करून घ्या, पण शेजारी उभ्या राहा. गाडी सपाट जागी हवी, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावलेले हवेत, आणि जॅकशिवाय आसाखाली पक्का टेकू हवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही जायचं नाही.

चाक अधांतरी झालं की ते वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवायचं. खडखड लागली तर एकानं ब्रेक दाबून धरायचा आणि पुन्हा हलवायचं. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर बेअरिंग ढिलं आहे. ते बरेचदा आवळून, ग्रीस भरून भागतं. तरीही राहिली तर किंगपिन झिजली आहे. किंगपिन म्हणजे चाक ज्या खुंटीभोवती वळतं ती खुंटी. मग चाक नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवायचं. तिथे खडखड लागली आणि किंगपिन ठीक आहे, तर टाय रॉडचे सांधे बघायचे. ही दोन मिनिटांची परीक्षा. ती न करताच "किंगपिन किट टाकावं लागेल" असं कुणी म्हटलं, तर "दादा, आधी आमच्यासमोर हलवून दाखवा" असं सांगायला लाजायचं नाही.

कोनांची भाषा

आता जिला गॅरेजात 'अलाइनमेंट' म्हणतात ती गोष्ट. यात तीन कोन असतात, आणि तिन्ही आपल्या ओळखीचे आहेत.

पहिला, चाकांचे अंगठे. माणूस चालताना पावलं थोडी आत किंवा बाहेर टाकतो, तशी पुढची दोन चाकं पुढून किंचित आत वळलेली ठेवतात, अगदी काही मिलिमीटर. याला टो-इन म्हणतात. टेप धरून दोन्ही टायरच्या मधल्या रेघांमधलं अंतर पुढून मोजा, मग तेवढ्याच उंचीवर मागून मोजा. दोन्हींतला फरक पुस्तिकेत दिल्याएवढा हवा.

दुसरा, चाकांचा झुकाव. समोरून बघितलं तर चाक उभं आहे की आत-बाहेर कललेलं, तो कॅम्बर. सरसकट आसाच्या गाडीत हा सहसा बदलत नाही. बदलला असेल तर आस वाकला आहे किंवा किंगपिन झिजली आहे.

तिसरा, आणि उड्यांच्या बाबतीत फार महत्त्वाचा, कॅस्टर. सायकलकडे बाजूनं बघा. हँडलखालचा दांडा सरळ उभा नसतो, तो मागे कललेला असतो, खालचं टोक पुढे. या कलामुळेच सायकल हात सोडले तरी सरळ जाते, चाक आपोआप सरळ होतं. जीपची किंगपिनही अशीच काही अंश मागे कललेली असते. वळण घेतल्यावर हात सैल सोडला की स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते यामुळे. ते सरळ होत नसेल, गाडी सरळ रस्त्यावरही सारखी सांभाळावी लागत असेल, तर कॅस्टर कमी झाला आहे असं समजा. अशा गाडीला एक खड्डा लागला की चाक ठिकाणावर यायच्या ऐवजी डावी-उजवीकडे हेलपाटत राहतं. कॅस्टर गरजेपेक्षा जास्त झाला तरीही चाक थरथरतं. म्हणून अंदाजानं कोन वाढवायचा नाही, पुस्तिकेप्रमाणेच ठेवायचा.

कॅस्टर बिघडतो कशानं? पाटे बसले, शॅकलचे बुश झिजले, किंवा आस आणि पाट्यांमध्ये असलेली लोखंडी पाचर काढली गेली नाहीतर उलटी बसली. ही पाचर एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ असते, कोन तीच ठरवते. एका गटाच्या जीपला आधी नवे शॉक टाकले, मग पुढचे दोन टायर, तरी खड्ड्यातून गेली की स्टिअरिंग सुटायचं. वहीत मागचं लिहिलेलं होतं म्हणून कळलं की त्रास पाट्यांच्या कामानंतर सुरू झाला. पाटे पुन्हा उघडले तर एका बाजूची पाचर उलटी निघाली. नवीन भाग एकही लागला नाही, लागली फक्त मजुरी. तेव्हा पाटे खोलायच्या आधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा आणि पाचरीवर रंगानं खूण करून घ्या.

जादा पाटा, जादा त्रास

माल जास्त बसावा म्हणून पाटे वाढवायची आपल्याकडे पद्धत आहे. मागे वाढवले म्हणून पुढेही वाढवतात. त्यानं दोन गोष्टी होतात. एक, स्प्रिंग कडक होते. रिकाम्या गाडीत ती दबतच नाही आणि दणका झेलायच्या ऐवजी चाक उडवते. जुना शॉक त्या कडक स्प्रिंगला आवरू शकत नाही. दोन, गाडी पुढून उंच होते. स्टिअरिंगच्या पेटीपासून चाकापर्यंत येणारा दांडा, ड्रॅग लिंक, आधी जवळजवळ आडवा असतो तो उतरता होतो. मग आस वरखाली झाला की हा दांडा एका वळणानं फिरतो आणि आस दुसऱ्या वळणानं. दोन वेगवेगळ्या लांबीच्या दोऱ्यांना एकच झोळी बांधल्यासारखं. परिणाम असा की ड्रायव्हरनं स्टिअरिंग हलवलं नाही तरी प्रत्येक उंचवट्यावर चाक थोडं वळतं. तपासायचं सोपं आहे. गाडी सपाट जागी उभी करून एकजण स्टिअरिंग घट्ट धरून बसेल, दोघी-तिघी पुढचा बंपर दाबून गाडी वरखाली हलवतील आणि एकजण समोर लांब उभी राहून चाकांकडे बघेल. गाडी हलताना चाकं डावी-उजवीकडे वळताना दिसली, तर वाढवलेला पाटा काढून गाडी मूळ उंचीवर आणायला हवी.

काही गॅरेजवाले अशा वेळी स्टिअरिंगला एक आडवा शॉक बसवून देतात. थरथर थोडी दबते, पण ढिला सांधा ढिलाच राहतो. ताप आल्यावर गोळी घ्यावी आणि जखम तशीच ठेवावी, तसं ते.

मागे लटकलेली माणसं

शेवटचं कारण आपल्या हातातलं आहे. जीपच्या मागच्या पायरीवर चारजण लटकले की काय होतं? तराजू आठवा. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आहे आणि माणसं मागच्या आसाच्या एक मीटर मागे उभी आहेत. चारजणांचं वजन २४० किलो धरलं तर पुढच्या चाकांवरचं ९५ किलोच्या आसपास वजन उचललं जातं. पुढची चाकं हलकी, स्टिअरिंग हलकं, आणि हलकं चाक लगेच उडतं. ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी जमिनीला नीट न टेकलेलं चाक तो वळवणार कसं? पिकअपमध्येही भेंडीच्या जाळ्या, तांदळाची पोती मागच्या फळीकडे न रचता जेवढी पुढे, केबिनकडे रचता येतील तेवढी रचा. आणि माल वाहायच्या गाडीत माणसं बसवायची नाहीत. कायद्याला ते मान्य नाही आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे अडतात. भोगायला लागतं घरच्या बाईला.

गॅरेजात कसं बोलायचं

गाडीची एक वही करा. तारीख, किलोमीटर, काय काम केलं, कोणता भाग बदलला, किती पैसे दिले आणि त्यानंतर त्रास गेला की नाही, एवढंच लिहायचं. बदललेला जुना भाग मागून घ्या. मिस्त्रीला 'गाडी नाचते' एवढंच सांगू नका. 'खड्डा लागल्यावर चाळीसच्या वेगाला स्टिअरिंग सुटतं, रिकामी असताना जास्त, टायरला वाटीसारखे खळगे आहेत, हवा आणि चिखल आम्ही बघितला आहे' असं सांगा. चांगल्या मिस्त्रीला असं गिऱ्हाईक आवडतं, कारण त्याचं अर्धं काम झालेलं असतं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला चालवून बघा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं बरं झालं ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिन्हींचे पैसे जातात.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. गटाची गाडी असेल तर ती, नसेल तर पाड्यावर रोज येणाऱ्या जीपवाल्या दादाला थोडं थांबायला सांगा. चाकांमागचा चिखल बघा, टायरवर तळहात फिरवा, शॉकखाली तेल आहे का बघा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं, म्हणजे एका खड्ड्यानं स्टिअरिंग सुटत असेल, तर ती गाडी आधी गॅरेजात जाऊ द्या, मग तिच्यात बसा. त्या दिवशीचा बाजार चुकला तरी चालेल.